बरणीतला डावखुरा मासा

मी आयुष्यात समुद्र तीनदा पाहिला आणि सव्वीस वर्षं समुद्रातले मासे शिकवले. अमरावतीत घर, अकोल्यातल्या कॉलेजात प्राणिशास्त्राची नोकरी, रोजचं अपडाउन. आमच्या भागातल्या मुलांना समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग. कॉलेजात मात्र त्यांना तो बरण्यांमधून भेटतो. आमच्या म्युझियममध्ये काचेच्या दीडशे-पावणेदोनशे बरण्या आहेत. मे महिन्यात अकोल्याची हवा तापली की झाकणांवरचं मेण मऊ होतं, आतलं फॉर्मेलिन उडून जातं आणि मासे पाठीपर्यंत उघडे पडतात. मग जून लागायच्या आत कुणीतरी बसून सगळ्या बरण्या पुन्हा भरायच्या. सुरुवातीपासून हे काम माझ्याकडे होतं, आणि मला जे सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं.

मी मुळात कमी बोलणारा. घरी बायको म्हणते, तुमच्या पोटातलं काढायला चिमटा लागतो. ही गोष्ट तिलाही माहीत नाही. आता लिहून टाकतो.

मासा लेप. कोकणात त्याला हेच म्हणतात. जिभेसारखा लांबट, चपटा, टोकाकडे निमुळता होत गेलेला. शास्त्रात त्याला सायनोग्लॉसस म्हणतात. अंड्यातून निघतो तेव्हा तो इतर कुठल्याही माशासारखाच असतो, उभा पोहतो, डोक्याच्या दोन बाजूंना दोन डोळे असतात. मग काही दिवसांत त्याची कवटी वळायला लागते. उजवा डोळा हळूहळू सरकत डोक्यावरून पलीकडे जातो आणि डाव्या डोळ्याच्या शेजारी येऊन बसतो. मासा उजव्या कुशीवर आडवा होतो तो कायमचा. खालची बाजू पांढरी पडते, तिला डोळा नसतो. वरची बाजू तळाच्या वाळूच्या रंगाची होते. उथळ किनाऱ्याजवळ, जिथे तळाला रेती आणि चिखल असतो, तिथे तो पडून राहतो. कडेचे पर थरथरवून अंगावर रेती ओढून घेतो आणि फक्त दोन डोळे बाहेर ठेवतो. किडे, लहान कोळंबी, जे समोरून जाईल ते खातो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी कॉलेजची सहल रत्नागिरीला गेली होती. मी तासिका तत्त्वावर होतो, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच माझे, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची खात्री नाही. ओहोटीच्या पाण्यात घोट्यापर्यंत उभा होतो आणि पायाजवळची रेती हलली. वाकून पाहिलं तर रेतीत दोन डोळे. हात घातला तेव्हा गढूळ पाणी उरलं. मी दचकलेला पाहून एक कोळीण हसली. तिच्या टोपलीत तसाच एक होता. तिने तो हातात घेऊन दाखवला, पोट कुठे, पाठ कुठे. पोटाची पिशवी डोक्यामागे अगदी लहान, कडेला. ती खाली धरली आणि डोळे आपल्याकडे केले की तोंड डावीकडे येतं. दुसरी एक जात असते तिचं तोंड उजवीकडे येतं, म्हणाली. मी तो लेप घेऊन आलो, बरणीत भरला, माझ्या हाताने चिठ्ठी लावली. तेव्हा म्युझियममध्ये ती दुसरी जातही होती, सोलिया, कधीतरी पुण्याहून मागवलेली जुनी बरणी. डोळे उजवीकडे. अभ्यासक्रमात नाव होतं ते सोलियाचं. लेपाचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तपासणी समिती यायची होती. विभागप्रमुखांनी मला आठ दिवस आधी सांगितलं, सगळ्या बरण्या साफ करा, चिठ्ठ्या नव्या लावा. दिवाळीची सुटी होती. मी एकटा. सोलियाची बरणी हातातून सुटली. काच फुटली ते फुटलं, पण मासा इतका जुना होता की फरशीवर पडताच त्याचे दोन-तीन तुकडे झाले. विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते, पण म्युझियमला देवघरासारखं जपायचे. येत्या उन्हाळ्यात माझी कायम नोकरीची मुलाखत होती. मी फरशी पुसली. तुकडे कागदात गुंडाळून बाहेर नेऊन टाकले. मग लेपाची चिठ्ठी खरवडून काढली आणि तिथे सोलियाची चिकटवली. नोंदवहीत लिहिलं, सायनोग्लॉसस खराब झाल्याने काढून टाकला. अक्षर चांगलं आलं होतं.

समितीने काही पाहिलं नाही. त्यांनी पंखे मोजले, चहा घेतला, गेले.

मी शिकवायला लागलो. फळ्यावर सोलियाची आकृती काढायची, डोळे उजवीकडे, आणि मग बरणी हातात घेऊन म्हणायचं, पाहा. मुलं पाहायची. कुणालाच काही दिसलं नाही. आमच्याकडे मुलं बरणीतला मासा पाहत नाहीत, बरणी पाहतात. कुठल्या बरणीच्या काचेला तडा आहे, कुठल्या झाकणाला पिवळं मेण आहे, यावरून परीक्षेत नाव लिहितात. आम्हीही तसेच पास झालो होतो. वहीत आकृती पुस्तकावरून उतरवायची हे तर ठरलेलंच.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्गात आली. हिवरखेडची, घरी शेती, अकोल्यात मावशीकडे राहून शिकायची. फार बोलायची नाही, त्यामुळे मला आवडायची. तिची एक सवय होती, पुस्तक मिटून ठेवायची आणि बरणीसमोर बसून आकृती काढायची. तिने सोलिया काढला तो डोळे डावीकडे असलेला. मी वही तपासताना थांबलो. मग लाल शाईने आकृतीवर काट मारली आणि लिहिलं, पुस्तकातील आकृती पाहा. दुसऱ्या आठवड्यात तिने पुस्तकातली आकृती काढून आणली. मी सही केली. तेव्हाही सगळं तिथेच थांबलं असतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत टेबलावर नंबर लावून बरण्या मांडतात. घंटा वाजली की एका बरणीसमोरून दुसरीसमोर. नाव ओळखा, वर्गीकरण, लक्षणं, वसतिस्थान, सगळं तीन मिनिटांत. त्या दिवशी चिठ्ठ्या कागदाने झाकलेल्या असतात. बाहेरून आलेले परीक्षक वयाने मोठे होते, स्वभावाने बरे. तोंडी परीक्षेला तिचा नंबर आला तेव्हा तिची उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर होती. त्यांनी विचारलं, हे सातव्या बरणीला सायनोग्लॉसस काय लिहिलंस, तुमच्याकडे तर सोलिया आहे.

ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्याचे डोळे डावीकडे हायेत. मी पोट पाहिलं. डावीकडचा सायनोग्लॉसस असते, लायब्ररीच्या पुस्तकात हाय."

परीक्षक हसले. पण उठले. बरणी खिडकीपाशी घेऊन गेले, तिलाही बोलावलं. बरणीत मासा डोकं वर करून काचेच्या पट्टीला दोऱ्याने बांधलेला होता. ती बोटाने दाखवत होती, हे पोट, हा पोटाखालचा बारीक पर, तोंड पाहा कसं खाली वळलंय. तिचा आवाज मी इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. त्यांनी चष्मा वर केला, बरणी फिरवली, आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा. म्युझियम तुमचं आहे."

विभागप्रमुख दाराशी उभे होते. माझी वर्षभर पुढे ढकललेली मुलाखत तीन आठवड्यांवर होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही, माझ्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते सांगतो. मी म्हणालो, "सर, ती गोंधळली आहे. तिनं पाठीला पोट समजलंय."

चपट्या माशाच्या बाबतीत ही चूक कुणाचीही होऊ शकते. पाठ आणि पोट उलटं धरलं की डावं ते उजवं होतं. म्हणून तर ते खोटं पटलं. आणि ते सांगायला तेवढं ज्ञान लागतं, ते माझ्याकडे होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मी शिकवलेलं सगळं तिने ऐकलं होतं, हेही ऐकलं. पुन्हा एकदा बरणीकडे पाहिलं, जणू आता दिसतंय का ते तपासलं, आणि म्हणाली, "सॉरी सर." परीक्षकांनी बरणी जागेवर ठेवली. सातव्या नंबरसमोर शून्य, आणि तोंडीचे गुणही कापले, कारण मुलीने वाद घातला होता. जाताना त्यांनी मला सांगितलं, हुशार आहे पण हट्टी आहे, जरा समजवा.

अमरावतीला एमएस्सीच्या यादीत तिचं नाव थोडक्यात राहिलं. प्रात्यक्षिकाचे गुण पुन्हा तपासता येतात का हे विचारायला ती आली होती. मी म्हणालो, प्रात्यक्षिकाला फेरतपासणी नसते. हे खरं होतं. तिच्या घरी ठरलेलं होतं, अमरावतीला सरकारी वसतिगृहासकट नंबर लागला तर पुढे शिकायचं, नाहीतर नाही. तिने बीएड केलं. माझी मुलाखत झाली, मी कायम झालो. पुढे ते विभागप्रमुख निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. चिठ्ठी बदलायला मला आता कुणाचीही परवानगी लागत नव्हती. दर वर्षी मेण तापलं की ती बरणी हातात यायची, मी तिच्यात फॉर्मेलिन भरायचो आणि तीच चिठ्ठी पुन्हा नव्या अक्षरात लिहायचो. तेवीस वर्षं. माशाचा रंग पार उडाला, वरची बाजू कुठली आणि खालची कुठली हे आता रंगावरून कळत नाही. डोळे तेवढे कळतात.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. तेल्हारा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या मुलांना म्युझियम दाखवायला आणू का, असं विचारत होती. मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर शिपायाला काहीतरी काम सांगितलं आणि मी ती बरणी उचलून खालच्या कपाटात ठेवली. वर वर्तमानपत्र टाकलं.

ठरलेल्या दिवशी शाळेची गाडी आली. तीस-पस्तीस मुलं-मुली. ती आता चाळिशी ओलांडलेली, केस पांढरे झालेले, आवाज वर्ग सांभाळणाऱ्या बाईचा. मला वाकून नमस्कार केला, मी मागे सरकलो. मुलांना दाराशीच उभं करून तिने सूचना दिल्या. बरण्यांना हात लावायचा नाही, कुणी रांग मोडायची नाही, आणि मग म्हणाली, "बरणीवर जे लिहिलं असन तेच वहीत लिहायचं. आपलं डोकं चालवू नका. याच खोलीत म्या एकदा चालवलं होतं, तोंडावर पडली."

मुलं हसली. ती पण हसली. एका मुलीने विचारलं, काय झालं होतं मॅडम, तर ती म्हणाली, मले डावं-उजवं समजत नव्हतं.

 तिचे गुण गेले, प्रवेश गेला, हे मला रोज माहीत होतं आणि त्याच्याबरोबर जगायची मला सवय झाली होती. हे नवीन होतं. त्या मुलीला जे दिसायचं ते मी तिच्याकडून काढून घेतलं होतं, आणि ती आता तेच दर वर्षी नववीच्या मुलांकडून काढून घेत होती, चांगल्या मनाने, त्यांनी तोंडावर पडू नये म्हणून.

मुलं शार्कच्या पिल्लाभोवती जमली. ती एकेक बरणी पाहत पुढे गेली आणि मधल्या फळीपाशी थांबली. "सर, इथं तो चपटा होता ना? फेकला का?"

मी म्हणालो, आहे. कपाट उघडलं, वर्तमानपत्र काढलं. तिने पाहिलं की बरणी लपवलेली होती. 

मी तिला सांगितलं. फुटलेली बरणी, फरशी, खरवडलेली चिठ्ठी, नोंदवही. रत्नागिरीचा लेप माझ्याच हातचा होता हे सांगितलं. खिडकीपाशी मी काय बोललो आणि ते बोलताना मला काय माहीत होतं, तेही. सांगायला पाच मिनिटंही लागली नसतील. मी समजत होतो याला फार वेळ लागेल.

 ती म्हणाली, परीक्षेच्या दिवशी घरी जाऊन तिने पुस्तक काढलं होतं. पुस्तकातल्या सोलियाचे डोळे उजवीकडे. म्हणजे सरच बरोबर. मग एक पेरू घेतला, त्याला दोन डोळे काढले आणि तो उलटासुलटा करत बसली, मावशी म्हणाली पोरगी पागल झाली. तरी तिला तो डावीकडेच दिसायचा. मग तिने ठरवलं की आपल्या दिसण्यातच काहीतरी फरक आहे. पुढे बीएडला, शाळेत, मुलांच्या वह्या तपासताना, कुठेही शंका आली की ती पुस्तक उघडायची आणि पुस्तकात असेल ते बरोबर द्यायची. नवऱ्याशी भांडण झालं तरी आधी आपणच चुकलो असू असं वाटतं, म्हणाली, आणि थोडं हसली. ते हसू मला पाहवलं नाही.

"काहून सांगितलं आता?" तिने विचारलं. "मी आली म्हणून? नसती आली तं?"

नसती आली तर नसतं सांगितलं, हे मी कबूल केलं.

"बरं," ती म्हणाली. "मंग हे माह्या पोट्ट्यांइले सांगा. मले एकटीले नाही."

तिने टाळी वाजवून मुलांना बोलावलं. मुलं गोल करून उभी राहिली. मी वर्गात रोज पाऊण तास बोलणारा माणूस, पण पहिलं वाक्य निघेना. शेवटी म्हणालो की तुमच्या मॅडम इथे शिकत होत्या तेव्हा त्यांनी हा मासा बरोबर ओळखला होता, आणि मी परीक्षकांसमोर खोटं सांगितलं की त्या चुकल्या. कारण बरणी माझ्याकडून फुटली होती आणि मला नोकरी जायची भीती होती.  मुलांना मोठ्या माणसाने असं काही सांगितलेलं सवयीचं नसावं. मागचा एक जण शेजाऱ्याला हळू म्हणाला, सरनं चिटिंग केली. शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं. मघाची मुलगी पुढे होती. तिने विचारलं, "मंग मॅडमचे मार्क?"

 उत्तर तिच्या मॅडमनेच दिलं, ते गेले, आता भेटत नसतात. फळा पुसावा इतक्या सहज म्हणाली.

मी खिशातून पेन काढलं. मला वाटलं आता चिठ्ठी बदलायची वेळ आली, निदान एवढं तरी माझ्या हाताने व्हावं. मी जुनी चिठ्ठी नखाने सोडवायला लागलो तर तिने माझा हात अडवला.

"थांबा. तुमी सांगता म्हणून नाही लिहायचं. आधीबी तुमीच सांगितलं होतं." मग तिने झाकणाकडे बोट केलं. "खोला."

म्युझियमची बरणी अशी कुणी उघडत नाही. मी मेण खरवडलं, झाकण फिरवलं. फॉर्मेलिनच्या वासाने मुलं मागे सरली, तिने खिडक्या उघडायला लावल्या. हातमोजे घातले, दोरा कापला, मासा काचेच्या पट्टीवरून सोडवून ट्रेमध्ये ठेवला. मी मदत करायला पुढे झालो तेव्हा तिने बघितलंसुद्धा नाही. बोटाच्या टोकाने ती माशाच्या कडेवरून चालली, डोक्यापासून शेपटीकडे, पुन्हा मागे. डोक्यामागे एका जागी थांबली. दाबून पाहिलं. पलीकडच्या कडेला तसंच दाबून पाहिलं. परत अलीकडे आली. तिच्या कपाळाला घाम आला होता, आणि खोली थंड होती. मला सांगावंसं वाटत होतं की तेच, तेच पोट आहे. मी ओठ आवळून धरले. माझं सांगणं तिला नको होतं, आणि ते बरोबर होतं.

तिने पोट खाली केलं, डोळे आपल्याकडे केले. तोंड कुठे आलं ते पाहिलं. मग मासा सोडून दिला, पहिल्यासारखा आडवा ठेवला, आणि पुन्हा सुरुवातीपासून सगळं केलं. तीनदा केलं. मुलं चुळबुळ करायला लागली. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"डावीकडे," ती म्हणाली. हळू म्हणाली, मुलांना नव्हे.

मग ट्रे टेबलाच्या मध्ये सरकवला. मुलांना सांगितलं, एकेकाने यायचं, मोजे घालायचे, पोट शोधायचं आणि जे दिसलं ते वहीत लिहायचं. कुणी कुणाचं पाहायचं नाही. पहिला मुलगा आला, त्याने मासा उचलला आणि उजवीकडे म्हणाला. ती म्हणाली, पुन्हा पाहा. त्याने चाचपलं आणि म्हणाला, मॅडम, उजवीकडेच हाय. मला वाटलं आता ती सांगेल. तिने नाही सांगितलं. म्हणाली, तुले तसं दिसते तं तसं लिही, आणि काहून दिसते तेबी लिही, उद्या वर्गात बोलू.

पस्तीस मुलांना दीड तास लागला. ड्रायव्हर दोनदा वर येऊन गेला. मी चहा सांगितला होता, तो तसाच निवला. निघताना तिने मोजे काढून कोपऱ्यातल्या बादलीत टाकले, हात साबणाने दोनदा धुतले आणि मुलांना मोजत जिना उतरली. मला नमस्कार केला नाही. मी वाट पाहत होतो असं नाही.

मासा ट्रेमध्ये होता. इतक्या बोटांनी हाताळल्यामुळे त्याच्या कडेचे पर फाटले होते, एका जागी कातडी सुटली होती. तो आता बरणीत पुन्हा नीट बांधता येण्यासारखा राहिला नव्हता. मी नोंदवही काढली, तेवीस वर्षांपूर्वीचं ते पान उघडलं. त्या ओळीखाली जागा होती. तिथे काय घडलं ते सगळं लिहिलं, खाली सही केली, आणि वही घेऊन प्राचार्यांच्या खोलीकडे गेलो. ते जेवायला गेले होते. मी बाहेरच्या बाकावर बसलो.